एक हात, दोन हात : जळकोटची गोष्ट

जळकोट नावाची गावं मराठवाड्यात दोन आहेत, बरं का! एक तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद महामार्गावर. दुसरं लातूर जिल्ह्यात, उदगीरच्या पलीकडे, नांदेड जिल्ह्याला खेटून. मी सांगतोय ते या दुसऱ्या जळकोटबद्दल. बालाघाटच्या डोंगररांगांतला हा तालुका. इकडचे लोक त्याला 'डोंगरी तालुका' म्हणतात. माझी आत्या तिथं राहते.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी आत्याकडे निघालो. रेल्वेनं उदगीरला उतरलो. पुढच्या एसटीला वेळ होता, म्हणून उदगीरचा किल्ला पाहून घेतला. 1760 साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं, ती लढाई याच उदगीरची. उन्हानं तापलेल्या काळ्या दगडांवरून हात फिरवत होतो, तर दोन दगडांच्या मधल्या सांध्यात पांढुरकं काहीतरी दिसलं. नखानं खरवडून पाहिलं. निघेना! तो होता जुना चुना. शेकडो पावसाळे पाहिलेला आणि तरी दगडाला दगड धरून ठेवणारा.

'चुना एवढा घट्ट कसा धरतो?' असा प्रश्न तेव्हा मनात आला आणि एसटीच्या धक्क्यांत विसरूनही गेलो. त्याचं उत्तर मला आत्याच्या स्वयंपाकघरात मिळणार होतं!

डाळ का शिजेना?

जळकोटला पोचलो तेव्हा आत्या वैतागून चुलीपुढे बसली होती. आता गॅस आहे घरात, पण डाळ चुलीवरच चांगली लागते असं तिचं ठाम मत.

"लेकरा, बस जरा. डाळ शिजेना बघ. नळाला पाणी आलं नाही, बोअरचं पाणी घातलं. लई जड पाणी हाय ते!"

लातूर जिल्हा म्हणजे तुरीच्या डाळीची मोठी बाजारपेठ. अशा जिल्ह्यात डाळ शिजू नये? मी पातेल्यात डोकावलो. डाळीचे दाणे टणक, एकेकटे तरंगत होते. आत्यानं डब्यातून चिमूटभर खाण्याचा सोडा काढला, पातेल्यात टाकला, वर फेस आला आणि थोड्या वेळात डाळ मऊ लागली!

शेजारी आतेभावाची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, विज्ञानाचं पुस्तक उघडून बसली होती. यंदा दहावी! 'आवर्तसारणी' पाठ करणं चाललं होतं. "लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सिझियम… काका, ही नावं कशाला पाठ करायची? हे धातू तर आमच्या गावात कुणी बघितलेसुद्धा नाहीत."

मी म्हटलं, "बघितले नाहीत खरं. पण आत्ताच तुझ्या आजीनं त्यातल्या दोघांची कुस्ती लावली!"

ती माझ्याकडे बघतच राहिली.

डावीकडचे दोन रकाने

मुलांनो, तुम्हीही पुस्तक उघडा. आवर्तसारणीत अगदी डावीकडे दोन उभे रकाने आहेत. पहिल्या रकान्यात हायड्रोजनच्या खाली लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सिझियम आणि फ्रान्सियम. हे 'अल्क धातू'. दुसऱ्या रकान्यात बेरिलियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम आणि रेडियम. हे 'अल्कमृदा धातू'. मृदा म्हणजे माती.

पहिल्या रकान्यातल्या प्रत्येक अणूच्या सगळ्यात बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो. दुसऱ्या रकान्यातल्याच्या दोन. हे सगळे अणू मोठे उदार. बाहेरचे इलेक्ट्रॉन देऊन टाकायची त्यांना घाई! एक दिला की अणूवर एक धन प्रभार, दोन दिले की दोन.

माझ्या पुतणीला मी सोपं करून सांगितलं, "समज, सोडियमला एक हात आहे आणि कॅल्शियमला दोन. एका हातानं एकालाच धरता येतं. दोन हात असले, की दोघांना धरून एकत्र बांधता येतं."

आता पातेल्याकडे चला. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतात. डाळीच्या दाण्यातल्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या 'पेक्टिन' नावाच्या पदार्थामुळे. पाण्यातला दोन हातांचा कॅल्शियम येतो, पेक्टिनचा एक धागा एका हातात, दुसरा दुसऱ्या हातात धरतो आणि गाठ मारतो. मग दाणा फुटेल कसा? सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्यामुळे पाणी अल्कधर्मी होतं, पेक्टिन विरघळू लागतं आणि काही कॅल्शियम साक्यासारखा खाली बसतो. गाठी सुटतात, डाळ शिजते.

"म्हणजे कॅल्शियम बांधतो आणि सोडियम सोडतो!" पुतणी म्हणाली.

"बरोब्बर. पण सोडा चिमूटभरच हं! जास्त झाला की डाळीतलं ब-1 जीवनसत्त्व नष्ट होतं."

आत्या पदरानं घाम पुसत म्हणाली, "आमच्या सासूबाईंनी शिकवलं ते. कॅल्शियम-बिल्शियम काय ठाऊक न्हाई आम्हाला."

शेवटच्या बाकावरचा मुलगा

"पण काका, सोडियम धातू असतो, तर तो मिठात चमकत का नाही?"

चांगला प्रश्न! हे धातू निसर्गात कधीच एकटे सापडत नाहीत. भेटेल त्याला इलेक्ट्रॉन देऊन ते संयुग करून बसतात. म्हणून माणसाला मीठ, चुना, राख हजारो वर्षं माहीत होती, पण त्यातले धातू दिसले नव्हते. 1807 सालच्या ऑक्टोबरमध्ये लंडनमध्ये हम्फ्री डेव्ही या 28 वर्षांच्या शास्त्रज्ञानं वनस्पतींच्या राखेतून मिळणाऱ्या पोटॅशमधून विजेचा प्रवाह सोडला. पाऱ्यासारखे चमकदार थेंब बाहेर आले आणि त्यातले काही भक्कन पेटले! तो होता पोटॅशियम. डेव्ही आनंदानं खोलीभर नाचू लागला, असं त्याच्या चुलतभावानं लिहून ठेवलंय. काही दिवसांतच त्यानं सोडियम काढला आणि 1808 साली कॅल्शियम, मॅग्नेशियम, स्ट्रॉन्शियम आणि बेरियमसुद्धा.

आता रकान्यातून वरून खाली उतरा. लिथियमचा तुकडा पाण्यात टाकला तर तो तरंगत सावकाश बुडबुडे सोडतो. सोडियम वितळून गोळी होतो आणि पाण्यावर सैरावैरा पळतो. पोटॅशियम जांभळट ज्योतीनं पेटतो. रुबिडियम आणि सिझियम यांचा तर स्फोटच! खाली जावं तसा उतावळेपणा वाढत जातो.

असं का? तुमच्या वर्गाची आठवण करा. पहिल्या बाकावरचा मुलगा गुरुजींच्या डोळ्यांसमोर. त्याला हलता येत नाही. शेवटच्या बाकावरचा मात्र मधल्या रांगांच्या आडून केव्हाच पसार! अणूत गुरुजी म्हणजे केंद्रक. खाली जावं तशी इलेक्ट्रॉनची एकेक कक्षा वाढते, बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब जातो, मधल्या कक्षांच्या आड येतो आणि सहज निसटतो.

अणू मोठे होत जातात, तशी त्यांची आपापसातली पकडही सैल होते. लिथियम 180.5 अंश सेल्सिअसला वितळतो, सोडियम 97.8 ला, पोटॅशियम 63.5 ला, रुबिडियम 39.3 ला आणि सिझियम फक्त 28.5 अंशांना! मे महिन्यात मराठवाड्यात पारा चाळीसच्या वर जातो. म्हणजे बंद काचनळीतला रुबिडियम जळकोटच्या ओसरीवर ठेवला, तर तोही दुपारी पाणी पाणी होईल.

दुसरा रकाना जरा शांत आणि कणखर. तिथं केंद्रकाची ओढ जास्त आणि द्यायचे इलेक्ट्रॉन दोन. कॅल्शियम वितळायला तब्बल 842 अंश लागतात. थंड पाण्यात बेरिलियम काहीच करत नाही, मॅग्नेशियम जेमतेम, कॅल्शियम बुडबुडे सोडतो आणि बेरियम त्याहून जोरात. म्हणजे खाली जाताना उतावळेपणा वाढतो, हा नियम इथंही आहेच.

(एक सूचना : सोडियमचा प्रयोग फक्त शाळेत, शिक्षकांनीच करायचा. तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात तो उगाच नाही!)

काळा दगड, पांढरा चुना

संध्याकाळी ऊन उतरल्यावर दादा, म्हणजे माझा आतेभाऊ, आम्हाला शेताकडे घेऊन गेला. वाटेत उघडेबोडके काळे माळ, मुरमाचे चढ. हा सगळा बेसॉल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखींतून थरावर थर लाव्हा वाहत आला आणि थिजला, तोच हा दगड. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि थोडा पोटॅशियम असे दोन्ही रकान्यांतले चौघेजण कैद आहेत. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन थोडं आंबट होतं, दगडाला हळूहळू पोखरतं आणि या चौघांना सोडवून खाली विहिरी-बोअरमध्ये नेतं. आत्याचं 'जड पाणी' आलं ते या दगडातून!

ओढ्याच्या काठावर पुतणीनं मातीतून पांढरे, वेडेवाकडे खडे उचलले. ती चुनखडी. म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आत्याच्या हंड्याच्या बुडाला जमणारा पांढरा थरही बहुतेक तोच.

पूर्वी अशी चुनखडी भट्टीत भाजून चुना करत. भाजताना कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरते चुनकळी. तिच्यावर पाणी घातलं की ती रागावल्यासारखी फसफसते, चांगलीच तापते. (लांब राहायचं! आणि पानाच्या डब्यातला चुनासुद्धा लहान भावंडांच्या हाती द्यायचा नाही. डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती असते.) हा चुना वाळूबरोबर घाणीत मळून दगडांच्या सांध्यात भरला, की तो वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. दगडाचा दगड! उदगीरच्या किल्ल्यात माझ्या नखाला न जुमानणारा तो हाच.

सोडियमचं कार्बोनेट असतं, तर भिंत पहिल्या पावसात वाहून गेली असती. कारण धुण्याचा सोडा म्हणजे तेच, आणि तो पाण्यात चटकन विरघळतो.

याच गोष्टीचा मोठा नमुना पाहायचा असेल तर बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला जा. उल्का आदळून झालेलं ते सरोवर याच बेसॉल्टमध्ये आहे. पाणी आत येतं, पण बाहेर जायला वाट नाही. ते उन्हानं आटतं. कॅल्शियम चुनखडी होऊन तळाशी बसतो आणि सोडियम पाण्यातच राहतो. म्हणून लोणारचं पाणी खारट आणि सोड्यासारखं. पूर्वी त्यातून खार काढून विकायचे. दगड तोच, पण दोन रकान्यांतली मंडळी तिथं वेगळी झाली!

दादाचे वीस गुंठे

शेत आलं. वरच्या अंगाची जमीन छान भुसभुशीत. पण उताराच्या खालचा एक तुकडा विचित्र होता. वीसेक गुंठे असेल. वर सिमेंटसारखी कडक पापडी, मध्ये पांढुरके डाग.

"हे बघ," दादा खाली बसत म्हणाला, "दोन वर्षं सोयाबीन पेरलं, उगवलंच नाही. पाऊस पडला की पाणी मुरत नाही, नुसतं साचतं. वाळलं की दगड. बोअरचं पाणी देऊन देऊन मी ओलं ठेवायचो, तर अजूनच बिघडलं. आता सोडूनच द्यावं म्हणतो."

त्याचा आवाज उतरला होता. मुलांनो, जमीन थोडी असणाऱ्याला वीस गुंठे म्हणजे खेळ नाही. वर्षाच्या वह्या-पुस्तकांचा, दवाखान्याचा खर्च त्यातून निघतो.

पुतणी गप्प होती. मग म्हणाली, "काका, सोडियम सोडतो म्हणालात ना? इथं मातीला कुणी सोडलंय का?"

मी चकित झालो. तिनं नेमकं बोट ठेवलं होतं! काळ्या मातीचे कण अतिशय बारीक, पापुद्र्यांसारखे, ऋण प्रभाराचे. दोन हातांचा कॅल्शियम दोन पापुद्र्यांना धरतो. मातीचे छोटे छोटे रवे बनतात, त्यांच्या मधून हवा आणि पाणी खेळतं. पण बोअरच्या पाण्यात सोडियम जास्त असेल आणि निचरा नसेल, तर सोडियम गर्दी करून कॅल्शियमची जागा घेतो. एका हाताचा तो. पापुद्रे जोडणार कसे? ते सुटे होतात, छिद्रं बुजतात. अशा जमिनीला 'चोपण' म्हणतात.

नुसतं बोलून काय उपयोग? आम्ही चोपण तुकड्यातलं एक ढेकूळ घेतलं आणि वरच्या शेतातलं एक. घरी येऊन दोन काचेच्या पेल्यांत बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी ओतलं आणि एकेका पेल्यात एकेक ढेकूळ अलगद सोडलं. चांगल्या मातीचं ढेकूळ फुटलं, पण पाणी नितळ राहिलं. चोपण ढेकळाभोवती मात्र धुराचे ढग उठले आणि रात्रीपर्यंत पेल्यात चिखलाचं दूध झालं. ते बसायचं नावच घेईना.

मग पुतणीनं दप्तरातून खडू काढला. शाळेतले खडू बहुतेक जिप्समचे, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचे असतात. तिनं तो कुटून भुकटी त्या गढूळ पेल्यात टाकली, ढवळली आणि सगळे झोपायला गेलो.

सकाळी तिच्या ओरडण्यानं जाग आली, "आजी! बाबा! पाणी निवळलं!"

खरंच, माती तळाशी बसली होती आणि वर पाणी स्वच्छ. खडूतल्या कॅल्शियमनं सुट्या कणांना पुन्हा हात दिला होता.

दादा पेला हातात घेऊन बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "मग चुनाच टाकतो की शेतात. स्वस्त पडंल."

"नको," मी म्हणालो. "चुनखडी अशा जमिनीत विरघळतच नाही. तुझ्या मातीत ती आधीच पडून आहे, पण कामाला येत नाही. जिप्सम थोडं थोडं विरघळतं, म्हणून त्यातला कॅल्शियम मोकळा होतो. पण खडूचा पेला म्हणजे माती परीक्षण नव्हे. आधी नमुना तपासून घे."

मग काय झालं?

दादानं माती आणि बोअरचं पाणी, दोन्ही तपासायला दिलं. मातीचा सामू 8.9 आला. मातीच्या कणांवर धरलेल्या प्रभारांपैकी शेकडा 15 पेक्षा जास्त जागा सोडियमनं अडवल्या, की जमीन चोपण समजतात. दादाची त्या रेघेच्या पलीकडे गेली होती. किती जिप्सम लागेल ते अहवाल बघून तज्ज्ञांनी सांगितलं. त्यानं उताराला चर खणला, पावसाळ्याच्या तोंडाशी जिप्सम आणि शेणखत मिसळलं आणि बोअरचं पाणी त्या तुकड्याला देणं बंद केलं. सुटलेला सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर चरातून वाहून जायला हवा, नाहीतर सगळी मेहनत फुकट.

पहिल्या वर्षी फारसा फरक दिसला नाही. दादाचं पत्र नाही, पण फोन आला, "तुझ्या खडूनं काही झालं नाही बघ!" मला रात्रभर झोप लागली नाही. आपल्या बोलण्यावर त्यानं पैसे घातले होते.

गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा जळकोटला गेलो. पुतणी आता उदगीरला अकरावीत शिकते. तिनं मला हाताला धरून शेताकडे नेलं. वीस गुंठ्यांपैकी निम्म्या तुकड्यात ज्वारी उभी होती. कमरेएवढीच, वरच्या शेतातल्यापेक्षा बुटकी, पण उभी! उरलेल्या निम्म्यात अजून पापडी होती.

"तिथं पुढच्या वर्षी," दादा म्हणाला. एवढंच.

रात्री आत्यानं पिठलं-भाकरी वाढली. गॅसवरच्या पातेल्यातून डाळ उतू गेली आणि निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक झाली.

"सोडियम!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

"ओरडू नगा," आत्या म्हणाली, "मीठ घातलंय त्यात."